कॅमेऱ्याचं शेवटचं दुकान

सत्तेचाळिसावा फोटो छापून बाहेर आला आणि फोटोवाल्याने तो आधीच्या फोटोंशेजारी ठेवून पाहिला.

पुन्हा तीच मुलगी. पिवळी पिशवी, लांब वेणी, पाठमोरी. बसथांब्यावर, भाजी घेताना, जिन्यात कुलूप उघडताना. सगळे फोटो लांबून, मोठ्या लेन्सने काढलेले. एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

कॅमेरा गिऱ्हाइकाकडून बायकोने घेऊन ठेवला होता. बहिणीकडे जायच्या गडबडीत ती एवढंच म्हणाली होती, "कार्डातलं सगळं छापा. गुरुवारी न्यायला येणार आहेत." दुकानाच्या शिरस्त्याप्रमाणे पट्ट्याला चिठ्ठी बांधली होती. वर बाईमाणसाचं नाव, खाली पत्ता. या चिठ्ठीमुळे तीस वर्षांत एकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या हाती गेला नव्हता, याचा फोटोवाल्याला भारी अभिमान. अर्थात हल्ली अदलाबदल व्हायला दुकानात दुसरा कॅमेरा तर हवा!

एकेकाळी या रस्त्यावर कॅमेऱ्यांची पाच दुकानं होती. फोनने एकेक करून सगळी गिळली. शेजारच्या दुकानात आता फोनची कव्हरं मिळतात. अख्ख्या शहरात उरलं ते हेच.

आज गुरुवार. हे फोटो काढणारा माणूस आज दारात उभा राहणार होता. फोटोवाल्याने स्वतःच्या मुलीला फोन लावला. ती परगावी एकटी राहायची. वय साधारण हेच.

"येता-जाता मागे बघतेस ना गं?"

"बघून काय करू, बाबा? सगळ्यांच्याच हातात फोन. कोण फोटो काढतंय नि कोण मेसेज वाचतंय, काय कळणार? तुमच्या तोफेएवढा कॅमेरा असला तर निदान दिसेल तरी!"

ती हसली. त्याला हसू आलं नाही.

दुपारी दार उघडलं. पन्नाशीचा गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, दमलेला चेहरा.

"काळा कॅमेरा आलाय का हो इथे? मोठ्या लेन्सचा. लेन्सच्या कडेचा टवका उडालाय."

टवका फोटोवाल्याने सकाळीच पाहिला होता. 

"नाही," तो म्हणाला आणि त्याने फोटोंच्या गठ्ठ्यावर फडकं टाकलं. वरच्या फोटोचा कोपरा बाहेर राहिला. पिवळी पिशवी.

गृहस्थाने तो कोपरा पाहिला. ओरडला नाही, अंगावर आला नाही. स्टुलावर बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

"माझी मुलगी," तो म्हणाला. "आठ महिने झाले तिला जाऊन."

फोटोवाल्याने गठ्ठ्यावरचा हात काढला नाही. "मग सगळे फोटो पाठमोरे का?"

"कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची. म्हणून लांबून काढायचो, तिला न कळू देता." त्याने डोळे पुसले. "तिच्या आईला तो कॅमेरा डोळ्यांसमोर नको होता. कुठे दिला, सांगत नाही. पण आता शहरात कॅमेऱ्याचं दुकानच एक. फार शोधावं लागलं नाही."

"कुणाच्या नावावर दिलाय?" फोटोवाल्याने विचारलं. शिरस्ता म्हणजे शिरस्ता.

"मुलीच्याच असेल. तिची आई अजून सगळीकडे तिचंच नाव सांगते." त्याने नाव सांगितलं, आडनावासकट.

चिठ्ठीवर तेच होतं.

फोटोवाल्याला स्वतःची लाज वाटली. भरल्या घरातली मुलगी गेलेला बाप, आणि आपण त्याच्याबद्दल काय काय मनात आणलं! त्याने गठ्ठा नीट कागदात बांधला, कॅमेरा पुसून त्याच्या हातात दिला.

"चिठ्ठी काढून देतो, थांबा."

"राहू द्या ना," गृहस्थ हळूच म्हणाला. "तिचं नाव आहे त्यावर."

तो गेल्यावर फोटोवाल्याने चहा केला. कितीतरी दिवसांनी दुकान उघडल्याचं सार्थक झालं, असं त्याला वाटलं.

चहा निम्माच झाला होता. दार उघडलं आणि पिवळी पिशवी आत आली.

लांब वेणी. फोटोवाला कप हातात धरून तसाच उभा राहिला. 

"काकू नाहीत?" मुलगी म्हणाली. "कॅमेरा दिला होता मी. काकूंना काही बोलले नाही, उगाच घाबरतील म्हणून. माझा नाही तो. एक माणूस वर्षभर माझ्या मागावर होता. परवा जिन्यात गाठलं त्याने, तर शेजारी धावले. कॅमेरा तिथेच टाकून पळाला. पोलीस म्हणाले, फोटो छापून आणा. माझ्या फोनला ते कार्ड लागतच नाही."

तिने पिशवी काउंटरवर ठेवली आणि मोकळा श्वास घेतला.

"पण आता भीती नाही, काका. कालच घर बदललंय. नवा पत्ता अजून कुणालाच दिलेला नाही. फक्त तुमच्या त्या चिठ्ठीवर आहे."