वाळूतली होडी

रेडीच्या किनाऱ्यावर उधाणाने सुरूच्या बनाखालची वाळू कापून नेली होती आणि त्या कापात गंजलेले खिळे दिसत होते. किशोरी सकाळपासून गुडघ्यांवर बसून कुंचल्याने वाळू झाडत होती. नॉर्वेत तिने पुरातत्त्वाच्या कामात अशा जागा उकरल्या होत्या. तिथले व्हायकिंग लोक आपल्या मोठ्या माणसाला होडीत झोपवून होडीसकट पुरत. तसलंच काही आपल्या काकाच्या जमिनीत निघावं, म्हणजे नशीबच फळफळलं!

“भाईकाका, होडी आसा ही! लाकूड कुसता, पण खिळे रांग सोडनत नाय.”

“खड्ड्यात गेली तुझी रांग.” भाई फावडं घेऊन काठावर उभा होता. “बुजव ता. भायर ये.”

तिने ऐकलं नाही. थोड्याच वेळात कवटी उघडी पडली. मागच्या बाजूला दोन घाव, हाड आत गेलेलं. धन्याच्या सोबतीला चाकराला असंच मारून पुरत, हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ती हरखलीच.

मग मनगट लागलं. त्याच्यावर निळी नायलॉनची दोरी आवळलेली होती आणि दोरीखाली काळं पडलेलं चांदीचं कडं. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून ती हेच कडं गोल गोल फिरवत असे.

“बाबा होडीसकट वादळात बुडले म्हणान तूच सांगितलंस ना?”

“तो वाटणी मागी होतो,” भाई म्हणाला. “वाळू सगळा खाता, असा वाटलेला माका.”

आणि त्याने फावडं हाणलं. ती कलली म्हणून डोकं वाचलं, पण खांद्याचं हाड काडकन मोडलं. तिने चांगल्या हाताने त्याचा पाय ओढला. भाई खड्ड्यात तोंडावर आपटला, खिळे गालात घुसले. तो उठायच्या आत तिने फावडं उचलून त्याच्या गुडघ्यावर घातलं. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा डोक्यावर उगारलं. तिला त्याला मारायचं होतं, अगदी मनापासून. पण तिने फावडं खाली घेतलं.

“किशोरी, भायर काढ गो माका!”

ती कशीबशी वर चढली. काठावर बसून, फावडं मांडीवर आडवं घेऊन तिने पोलिसांना फोन लावला. भाई रक्ताळलेल्या तोंडाने वर सरपटू लागला. तिने दांड्याने त्याला पुन्हा आत ढकललं.

“रव थंयच,” ती म्हणाली. “इतकी वर्सां बाबा एकटेच आसत.”