नात्याचा रकाना

"काकू, सॉरी हां. माझा चूक झाला."

"माझी चूक झाली," गुद्रुननं दार उघडता उघडताच सुधारलं. "चूक ती असते, अनय."

अनय हसला. कार्डिफमध्येच जन्मलेला, पस्तिशीचा डेंटिस्ट. ही जर्मन बाई त्याचं मराठी लहानपणापासून सुधारत आली होती. जर्मनमध्येही तीन लिंगं असतात, म्हणून हिला मराठी सोपं गेलं, असं तिचा नवरा मोहन चारचौघांत कौतुकानं सांगायचा. मोहनला जाऊन चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत अनय या घरात आज पहिल्यांदा येत होता. मागच्या महिन्यात फॉर्मवर सही करायची होती, तेव्हाही त्यानं तिलाच आपल्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, बोलावलं होतं.

तो फॉर्म आता टेबलावर पडला होता. ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज. काल पोस्टानं परत आला. अर्जदाराला तीन वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या दोघांच्या सह्या लागतात. एक लायब्ररीतल्या बाईंनी केली होती. दुसरी अनयची. आणि 'अर्जदाराला कसे ओळखता?' या रकान्यात अनयनं ठोकून दिलं होतं: आन्ट.

"मी थिंकच नाही केला," तो म्हणाला. "आयुष्यभर काकूच म्हणतो ना तुम्हाला."

म्हणायला काय जातं? कार्डिफमधल्या सगळ्या मराठी लोकांकडे तिच्यासाठी एकेक शब्द होता. काकू, वहिनी, मावशी. गणपतीला तिच्या हातचे मोदक खाऊन बोटं चाटेपर्यंत ते शब्द चालायचे. सहीसाठी तिनं अकरा फोन केले. कुणी सुट्टीवर, कुणी "बघतो" म्हणालं आणि बघतच राहिलं. त्यांतली मंजिरी तर फोनवरच खो खो हसली. "अय्या, तुम्ही अजून जर्मनच?"

"पण काकू, कशाला हे सगळं? या वयात? तुम्हाला कोण घालवतंय इथून?"

"मत द्यायचंय मला."

"त्यात काय एवढं? मी तर देतच नाही."

 दर मोठ्या निवडणुकीला मोहन शाळेत आत जाऊन मत द्यायचा आणि ती त्याची छत्री धरून फाटकाशी थांबायची. मोहन गेल्यानंतरच्या दोन हजार पाचच्या निवडणुकीलाही ती गेली. फाटकाशी उभी राहिली. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं, आतून कुणी बाहेर यायचं नव्हतं.

अनयनं पेन काढलं. "आता काय लिहू? फ्रेंड?"

"फ्रेंड घरी येतात."

"नेबर?"

"तू पेनार्थला राहतोस."

"काकू, प्लीज. माझा गाडी डबल यलो लाइनवर आहे, फाइन लागेल."

"माझी गाडी." तिनं चष्मा लावला आणि फॉर्मवर बोट ठेवलं. "इथं लिही. ओळखीतल्या गृहस्थांची बायको. आणि खाली या चौकोनात टिक कर. अर्जदाराशी माझं कोणतंही नातं नाही."

त्याचं पेन थांबलं. "असं कसं लिहू? कसं दिसेल ते?"

"खरं दिसेल."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. मग लिहिलं. टिक केली, सही केली, तारीख घातली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तिनं ओळ न् ओळ वाचली, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला आणि पाकिटात घातला.

"यू ऑल राइट, काकू?"

"फॉर्म बरोबर आहे," ती म्हणाली.

तो सुटल्यासारखा उठला. कोट घातला, किल्ल्या चाचपल्या, दाराशी जाऊन वळला.

"चला काकू, जातो मी."

निघताना येतो म्हणायचं असतं, जातो नाही. हे तिला सासूनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. अनय पाच वर्षांचा असताना, याच दारात, त्याचा कान धरून तिनं त्याला शिकवलं होतं.

गुद्रुननं दार धरलं.

"जा," ती म्हणाली.