अंतरपाटापलीकडून

तंत्रज्ञ फरीदाने त्रिंबकरावांच्या डोक्यातल्या चिपचं कोष्टक शेवटचं तपासलं. कुठली आठवण कुठे आहे, याचे पत्ते त्यात होते.

"काका, लग्न आठवा बघू."

त्यांनी डोळे मिटले. अंतरपाट दूर झाला आणि समोर मुंडावळ्या बांधलेला, घामाघूम तरुण दिसला. ते स्वतःच होते!

"पक्षाघाताच्या झटक्यात तुमची लग्नाची आठवण पुसली गेली हो," शेजारून त्यांच्या पत्नी हेमलताबाई म्हणाल्या. "म्हणून त्या पत्त्यावर माझी आठवण जोडायला लावली हिला."

इतके देखणे ते आरशात कधीच दिसले नव्हते.

"आणि चाळीस वर्षं सांगत आलीस, लाजेने मान वर केलीच नाही म्हणून!"

हेमलताबाईंनी आता मात्र खरोखरच मान खाली घातली.

"पोरी," त्रिंबकराव फरीदाकडे वळले, "माझी आठवण कधी सापडली, तरी हा पत्ता बदलू नकोस."