दोघींच्या आया

चुलीवरच्या मक्याच्या पेजेचं झाकण खडखडत होतं. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी चेरोकी जमातीतली क्वेटी दारातच उभी होती. हेस्टरच्या झोपडीत पाऊल टाकणं तिला कमीपणाचं वाटत होतं. सहाच वर्षांपूर्वीपर्यंत ही काळी बाई तिच्या घरची गुलाम होती.

"मका निघाला की शेत सोडायचं. ही जमीन आम्हा चेरोकींची आहे."

"गुलामी सुटली तेव्हा तुमच्याच पंचांनी सांगितलं होतं, कसेल त्याची जमीन." हेस्टर चेरोकी भाषेतच बोलली. तिच्या झग्याला बिलगलेली लेक टुकुटुकु बघत होती.

"आमची बोली बोललीस म्हणून आमची झालीस होय गं? गोऱ्यांच्या फौजेने आम्हाला घरादारातून हुसकलं, जनावरांसारखं इथवर चालवलं. माझी आई वाटेत गेली ती आपल्या गावाचं नाव घेत. तुमचं काय गेलं?"

'मालकीणबाई' हा शब्द जुन्या सवयीने ओठांवर आला, तो हेस्टरने गिळला.

"त्याच वाटेने माझीही आई चालली, क्वेटी. डोक्यावर तुमची वळकटी, पाय अनवाणी. तुझ्या आईला पुरायला गोठलेली माती तिनेच खणली."

क्वेटीचा चेहरा उतरला. ती वळली आणि चालू लागली. हेस्टरने आयुष्यात पहिल्यांदा तिला गप्प केलं होतं. तिने लेकीला कडेवर घेतलं, पटापट मुके घेतले.

लेकीने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, आपली आजी चालताना कुठल्या गावाचं नाव घ्यायची?"