हिरवी टिकली

टिकली बोटाला चिकटली ती सुटेचना. इस्त्रीवाल्या मावशी नकाशासमोर उभ्या. मागे अख्खी गल्ली रांगेत.

"मावशी, टिकलीलाही इस्त्री करताय की काय?" शिंपीण मागून म्हणाली. रांग हसली.

शाळेच्या सभागृहात भिंतभर नकाशा, त्यात घर न् घर दाखवलेलं. नकाशेवाल्या बाईंनी गोड शब्दांत समजावलं होतं. गल्ली नव्यानं बांधायची आहे, पण कशी, ते तुम्ही सांगायचं. घरटी एक हिरवी टिकली. जे जपावंसं वाटतं त्यावर लावा. नव्या बांधकामाचे नियम त्यावरूनच ठरतील. टिकली नसेल ते पडेल.

मावशींना जपायची होती खिडकी. स्वतःची. रस्त्यावर उघडणारी, आत लगेच इस्त्रीचं टेबल. लोक जाता जाता बोचकं सरकवत, वर दोन गप्पा हाणत. नवरा गेल्यावर त्या खिडकीनंच त्यांना पोसलं. बोट नेमकं तिथं गेलं.

थांबलं.

स्वतःच्याच घराला? सगळ्यांदेखत? या गल्लीत असं कुणी करत नसे. आपलं कौतुक शेजाऱ्यानं करायचं, आपण 'छे छे' म्हणायचं. मुलीला स्थळ आलं तरी तिचे गुण सांगायला शेजारीण जायची.

मग शिंपिणीच्या घराला? पलीकडचा चष्मेवाला वर्षभर तोंड फिरवील. चष्मेवाल्याच्या? शिंपीण मागेच उभी, तिची नजर मानेला टोचतेय. आणि आपल्या घराला कुणीतरी लावेलच की. इतक्या वर्षांची माणसं.

गल्लीच्या तोंडाशी एक दगडी बाक होता. सगळ्यांचा. म्हणजे कुणाचाच नाही.

मावशींनी टिकली बाकावर लावली. सुटल्या एकदाच्या.

शिंपीण पुढे झाली. तिचं बोट स्वतःच्या दारावर घुटमळलं, मग मावशींच्या, मग...

बाक.

चष्मेवाला. बाक.

दूधवाली. बाक.

"अगं..." मावशींच्या तोंडून निघालं. पण पुढे काय म्हणणार? माझ्या घराला लाव? रांगेतलं हसणं थांबलं, पण रांग पुढे सरकत राहिली. बाकावर टिकल्यांवर टिकल्या चढल्या. बाकी नकाशा कोरा.

"इतकं एकमत!" बाईंचे डोळे भरून आले. खोटे नव्हते अश्रू.

पुढच्या सभेत नियम वाचून दाखवले. बाकाचा दगड कसा हवा. बाकाची उंची. बाकावर सावली. मधल्या टेबलावर नव्या गल्लीचं पुठ्ठ्याचं मॉडेल होतं: उंच, गुळगुळीत इमारती, तळाला गाड्यांची जागा. शिंपीण मावशींकडे बघेना, मावशी चष्मेवाल्याकडे. बाक तेवढा हुबेहूब होता, फुटक्या कोपऱ्यासकट. त्यावर बोटाएवढी बाहुली बसवलेली, मांडीवर बोचकं.

"ओळखलंत का?" बाईंनी मावशींचा हात धरला. "तुम्हीच!"

मावशी वाकल्या. इमारतींच्या पायथ्याशी बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या.

"छान झालीय," त्या म्हणाल्या. "पण हिचं घर कुठलं?"

बाई मोकळेपणी हसल्या. "हिला घर कशाला, मावशी? ही बाकावर बसलीय ना!"