चौघांची होडी

"चारच माणसं. पाचवा चढला की पलटी," सिंधी शेठ म्हणाला आणि छोट्या होडीच्या पत्र्यावर त्यानं थाप मारली. "फॅमिली पिकनिक के लिए वो बडी लो ना, साईं. सहा जण आरामात."

उल्हासनगरच्या त्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या दोन होड्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. महेंद्रनं खिशातून टेप काढून दोन्हींची रुंदी मोजली.

"मोठी आमच्या गल्लीत वळणार नाही. छोटीच द्या."

स्टुलावर बसलेली त्याची आई, द्रौपदी, मनाशी विचार करू लागली. पिकनिकची होडी लोक उभी-आडवी करून टेम्पोत चढवतात. गल्लीतून ती माणसांसकट काढायची वेळ येते फक्त पुरात. म्हणजे पिकनिक हे नुसतं निमित्त होतं. मग तिनं माणसं मोजली. महेंद्र, सून भावना, नात माया, नातू राजरत्न. झाले की चार.

बदलापूरला नदीजवळच्या, अजून राहत होते त्याच बैठ्या घरात, मागच्या मोठ्या पुरात मदतीची होडी आली तेव्हाही एक माणूस जास्तच झालं होतं. तिचा नवरा भगवान माळ्यावर थांबला. "तुम्ही व्हा पुढं, मी पुढच्या फेरीला येतो." पुढची फेरी आली तेव्हा माळा पाण्याखाली होता. महेंद्र तेव्हा कॉलेजात होता. त्यानंतर त्या विषयावर त्यानं चकार शब्द काढला नाही.

होडी घरी आली आणि द्रौपदीला घास उतरेना. माळ्यावरचा अंधार आणि वर वर येणारं पाणी तिला ताटातसुद्धा दिसे. तसा मुलगा हल्ली बदललाच होता. आनंदनगरच्या कंपनीतून उशिरा यायचा, डोळे लालभडक, केस ओलसर, अंगाला औषधासारखा कसलासा उग्र वास. विचारलं की "ओव्हरटाइम" म्हणून मोरीत शिरायचा. पितो मेला, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. पिणाऱ्याला म्हातारी आई जड होणारच.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरातली कुजबुज तिच्या कानावर पडली.

"आईंना सांगितलंत का?" भावना विचारत होती.

"नाही. रडून घर डोक्यावर घेईल."

"पण पाणी चढल्यावर ऐनवेळी कळलं तर?"

"रविवारी तळ्यावर कळेलच तिला."

 द्रौपदीनं दोन लुगडी पिशवीत कोंबली. अंबरनाथला बहिणीकडे, सुंदराबाईकडे, जावं असं मनाशी म्हणाली. पण सुंदराबाईच सुनेच्या हाताखाली दिवस काढत होती, तिथं हिला कोण विचारणार? पिशवी पुन्हा रिकामी केली. मरणाचं भय तिनं कधीच मागं टाकलं होतं. पोटच्या पोरानं मोजताना आपल्याला गाळलं, याची मात्र तिला धडकी भरली होती.

रविवारी सगळे गावाबाहेरच्या तळ्यावर गेले. भावना वल्ह्यांपाशी बसली, पोरं मधल्या फळीवर. द्रौपदी काठावरच उभी राहिली. 

"मी थांबते हितंच," ती म्हणाली. "तुमी या जाऊन."

"आई, बस गं."

"नको रे. मला काय, माझं झालंय आता सगळं."

महेंद्रनं ऐकलं नाही. तिला उचलून सरळ चौथ्या जागेवर ठेवलं, लाइफ जॅकेटचे पट्टे करकचून बांधले आणि होडी ढकलली. होडी डुलली, मग संथ झाली. काठ लांब जाऊ लागला.

द्रौपदीनं भोवताली पाहिलं. होडी भरली होती.

"अरे, आणि तू?" ती किंचाळली. "तू कुठं बसणार?"

महेंद्र छातीभर पाण्यात उभा होता.

"बाबांना पोहता येत नव्हतं, आई. मी ओव्हरटाइमला तेच शिकत होतो," तो म्हणाला आणि त्यानं पाण्यात पहिला हात मारला.