बटण, बटण

"बटण," संगणक म्हणाला. इंगरने कळ दाबून त्याला पुढे सरकवलं. "बटण," तो पुन्हा म्हणाला आणि गप्प बसला.

दोन बटणं आणि दोन्ही बिननावाची. सोसायटीच्या नव्या वेबसाइटवर डोळस माणसांना म्हणे एकावर हिरवं पान दिसायचं, दुसऱ्यावर करवत. पान म्हणजे अंगणातलं झाड राखा. करवत म्हणजे ते तोडा आणि तिथे सायकलींची शेड बांधा. वेबसाइट बनवणाऱ्याला चित्रांची भारी हौस. चित्रामागे दोन शब्द लिहिले की इंगरसारख्या आंधळ्या माणसाचा संगणक ते वाचून दाखवतो, एवढं मात्र त्याच्या गावी नव्हतं. इंगरने फोन केला, तर पुढच्या महिन्यात बघतो म्हणाला. मतदान संध्याकाळी संपत होतं.

आणि तिला झाड हवं होतं. आस्पचं झाड ते, वारा पडलेला असला तरी पिंपळासारखं सळसळायचं. आरहूस शहरातल्या त्या चौकोनी अंगणात सगळ्या जिन्यांची दारं सारखीच. सळसळ डाव्या कानाशी आली की समोरचं दार आपलं, असा तिचा हिशेब होता.

मदतीला आला शेजारचा हेनिंग, सोसायटीचा अध्यक्ष. न बोलावता आला, वर दालचिनीचे रोल घेऊन. तिथेच इंगरच्या मनात पाल चुकचुकली. याच झाडापायी स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागतो, हे रडगाणं तो वर्षानुवर्षं गात आला होता. मागे जिन्याच्या रंगाचं मतही तिच्या वतीने त्यानेच दिलं होतं. ती पिवळा म्हणाली आणि जिना राखाडी झाला, असं टपालवालीने तिला सांगितलं. आता बहुमत राखाडीचं असेलही, पण संशयाचा किडा एकदा शिरला की शिरला.

बघणार तो, दाबणार तो, आणि दाबलं म्हणून सांगणारही तोच. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या. कॉफी ओतता ओतता इंगरने ठरवलं, हा उलटंच दाबणार असेल तर आपणही उलटंच सांगू. काट्याने काटा काढू.

"बोल, कुठलं दाबू?" हेनिंगने विचारलं.

"करवत."

माउसवरचा हात थांबल्याचं तिला कळलं. "नक्की?"

वा रे नाटक्या, ती मनात म्हणाली. "नक्की. दाब."

टिक असा आवाज झाला. इंगर कपाच्या आड हसली.

शनिवारी निकाल लागला. एका मताने झाड गेलं. हेनिंग खेळ जिंकला असं तिला वाटलं आणि ती दोन शिव्या पुटपुटली. आपलं मत त्याने कुठे टाकलं असेल, याचा विचार मात्र तिने मुद्दाम केला नाही.

पुढच्या आठवड्यात खरी करवत आली. त्या दिवशी दुकानातून परतलेली इंगर फाटकातून आत शिरली आणि थबकली. अंगण मुकं झालं होतं. काठीच्या टोकाला ओला भुसा लागला.

"एक विचारू, इंगर?" हेनिंगचा आवाज आला. "तुला त्या पानांचा आवाज लागतो म्हणून मी झाड राखायलाच मत दिलं होतं. दिवा लावून स्वयंपाक करायची मला सवय झालीय. मग तूच करवत का म्हणालीस?"

तिने काठीने भुसा बाजूला सारला. खरं सांगायची लाज वाटत होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, हा तरी खरं बोलतोय का, हे कळायला अजूनही काही मार्ग नव्हता.

"दार इकडे आहे," तो म्हणाला. "माझ्या आवाजावर ये."

इंगरने कान देऊन पाहिलं. अंगणात दुसरा आवाजच नव्हता. काठीने प्रत्येक पाऊल तपासत ती निघाली.